वार्सिनी थांबते

"यंत्र कधी चुकत नाही, बू वार्सिनी."

"म्हणजे मी चुकते, पाक दार्जो?"

"तसं कोण म्हणालं? तुम्ही आता आराम करा, एवढंच."

"आराम. एकतीस वर्षांनी बरी आठवण झाली."

जावातल्या सोलो शहरात एका गल्लीत क्रोंचोंग, म्हणजे तारवाद्यांच्या साथीची संथ गाणी, गाणारं मंडळ होतं; त्याचे म्होरके दार्जो यांनी नवा कीबोर्ड आणला होता. (इथं मान देताना बाईला 'बू' म्हणतात आणि पुरुषाला 'पाक'.) बटण दाबलं की सगळी साथ तयार. त्यामुळे रविवारच्या लग्नात वार्सिनीच्या चार तारांच्या चिमुकल्या गिटारीला जागा उरली नव्हती. सकाळी बाजाराच्या तोंडाशी पेचेल, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, विकायचं आणि ती चटणी वाटून भरून आलेल्या हातांनी दुपारी तारा छेडायच्या, हेच वार्सिनीचं आयुष्य. नवरा गेला तेव्हाही चाळिसावा दिवस उरकून ती थेट तालमीला आली होती.

"बरं, आकुर," ती म्हणाली.

सुरांचा मेळ तो आकोर, माणसांचा मेळ तो आकुर. दोन्ही शब्द डच मंडळी जाताना मागे ठेवून गेली आणि इथल्यांनी धुऊनपुसून वापरायला काढले. वार्सिनी इतक्या पटकन 'आकुर' म्हणाली, तिथंच दार्जोंना शंका यायला हवी होती.

"एकदा तालीम करा की. मी ऐकते," असं म्हणून ती शेंगा सोलत बसली.

गायिका बू कुस्मिरा उभ्या राहिल्या. इथलं गाणं तालाच्या जरा मागे रेंगाळतं आणि साथ त्याच्यासाठी थांबते. कुस्मिरा तर सूर हवेत टांगून ठेवून बाही सारखी करायच्या. त्या खाली कधी उतरणार, ते वार्सिनीला त्यांच्या खांद्यावरून कळायचं.

दार्जोंनी बटण दाबलं. पहिल्या कडव्यात यंत्र पाऊलभर पुढे गेलं, दुसऱ्यात ओळभर. कुस्मिरा अजून गाण्यातल्या चंद्राच्या ओळीपाशीच होत्या, तेवढ्यात यंत्रानं समाप्ती वाजवली आणि गप्प बसलं. उरलेली दीड ओळ कुस्मिरांनी एकटीनं, शांतपणे पुरी केली.

"कुणाला गाडी गाठायची होती, पाक दार्जो?" कुस्मिरांनी विचारलं.

"बू, जरा तालात..."

"चाळीस वर्षं तालातच आहे मी."

"यंत्र चुकलं नाही हं," वार्सिनी शेंगेकडे बघत म्हणाली. "आधी पोचलं फक्त."

दार्जोंनी वायर उपटली. "बू वार्सिनी, रविवारी या."

"कोण, आराम करणारी?"

"चुकलं माझं. सगळ्यांसमोर सांगतो. येणार ना?"

वार्सिनीनं टरफलं गोळा केली, गिटार रविवारसाठी मंडळातल्या आपल्या खुर्चीवर नीट टेकवून ठेवली, सावकाश चपला घातल्या आणि बाहेर पडली.