कळंबचा मुक्काम

परवा गाद्यांची पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि कळंबच्या चिंतामणीजवळची ती छोटी धर्मशाळा आठवली.

आम्ही यवतमाळहून दर्शनाला आलेलो. सकाळी धाकटी छबी दिसेना. "छबे, कुठी गेली वं?" आई खोल्याखोल्यांतून हाका मारत सुटली. तिचा आवाज फाटला होता. बाबा मंदिरातल्या कुंडाकडे धावले.

छबी सापडली ती गाद्यांच्या ढिगामागे, गाढ झोपलेली. बाबा परतले तेव्हा त्यांची इस्त्रीची पँट कमरेपर्यंत ओली होती. "बाबा, तुमी पाण्यात पडले काय?" म्हणत आम्ही बहिणी खूप हसलो. तेही हसले, पण उंबऱ्यातच मटकन बसले.

पाण्यात उतरून ते काय चाचपत होते, हे मला मुलगी झाल्यावर कळलं.