रिकाम्या पाकिटांचा खण

त्या दुपारी मी अमरावतीत, ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथे, काउंटरमागे उभी होते. बाबांचा फोन आला. ते दुपारी कधी फोन करत नाहीत. "मोठेबाबा गेले... हार्ट," एवढंच म्हणाले. समोर एक बाई मुलाच्या तापाचं औषध घ्यायला थांबल्या होत्या. किती द्यायचं, दिवसातून किती वेळा, हे मी त्यांना नीट सांगितलं आणि मगच आतल्या खोलीत जाऊन बसले. मला लोकांसमोर रडू येत नाही. ही काही चांगली सवय नाही, पण आहे. मोठेबाबांना जाऊन आता पाच आठवडे झाले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात त्यांचं काष्ठौषधींचं दुकान. गल्लीत वळलं की दुकान दिसायच्या आधी वावडिंग, ओवा आणि वाळलेल्या सालींचा मिसळलेला वास यायचा. शाळा त्यांची आठवीपर्यंतच झालेली. झाडपाला ते एका वैद्यांच्या हाताखाली शिकले होते. अकोट, बार्शीटाकळीहून माणसं एसटीनं यायची आणि ते तासभर एकेकाची तक्रार ऐकून घ्यायचे. आम्हीही अकोल्यातच, पण नव्या वस्तीत राहायचो. मी इंग्रजी शाळेत जाणारी, चार पाहुणे जमले की कोपरा धरून बसणारी. "आमची इंग्रजी मैना बोलत नाई, नुसती पायते," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. मला राग यायचा, पण तेच हळूच माझ्या हातात एखादी मुळी ठेवून म्हणायचे, वास घे. मी फार्मसीला प्रवेश घेतला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. तू गोळ्या विक, मी मुळ्या विकतो, म्हणाले.

मी तिसऱ्या वर्षाला असतानाची दिवाळी. बाबांना ब्लडप्रेशरची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू होती. त्यात खोकला हटत नव्हता. मोठेबाबांनी ज्येष्ठमध पाठवला. सकाळ-संध्याकाळ काढा आणि चघळायला खिशात एक काडी. आठवड्यात घसा मोकळा झाला, पण गोड लागतो म्हणून बाबांनी तो सोडलाच नाही. मी सुट्टीत घरी आले तेव्हा दोन महिने होत आले होते. ज्येष्ठमध घशाला उत्तमच, पण खूप दिवस घेतला तर अंगात मीठ-पाणी साठतं, प्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं. प्रेशरच्या माणसानं तो टाळावा. हे मला ठाऊक होतं. परीक्षेसाठी पुस्तकातल्या त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघही मारली होती. बाबांच्या घोट्यावर मोज्याचा खोल वळ उठलेला दिसत होता. आईला सांगायला मी दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. मोठेबाबांच्या औषधाला आमच्या घरात कोणी नाही म्हणत नसे. मी म्हणायचं, तर कोणत्या तोंडानं... सुट्टी संपली, मी होस्टेलला परतले. आठ दिवसांनी जिना चढताना बाबांचे पायच गळाले. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले; मीही होस्टेलहून परत आले.

मोठेबाबा आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

"तुले माईत होतं?"

"हो."

"मंग बोलली काऊन नाई?"

तुम्ही मोठे आहात, असं काहीतरी मी पुटपुटले.

"मी मोठा आहो, हे त्या मुळीले माईत नाई ना, पोरी," ते म्हणाले. "चूक माही हाय. तुहा बाप कोनती गोळी खाते, हे म्या इचारलंच नाई. पन याच्या पुढं तू चुप रायली, तं थे तुही चूक."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर दुकानात एक रीत सुरू झाली. डॉक्टरची कोणती गोळी चालू आहे हे सांगितल्याशिवाय पुडी बांधली जाईना. लोकांना गोळ्यांची नावं कुठली ठाऊक असणार? मग रिकामं पाकीट आणायचं. लोक कुरकुरायचे. हे जडीबुटीचं दुकान आहे की पोलीस ठाणं, असं अकोटच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, तर मोठेबाबांनी त्याला चहा पाजला आणि पाकीट आणायला परत पाठवलं. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. मोठेबाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटाचा फोटो मला यायचा. खाली 'बार्शीटाकळीची बाई, गुडमार मागते' एवढंच लिहिलेलं. मी कळवायचे, ही साखरेची गोळी आहे, वरून गुडमार घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कोणी पोट साफ व्हायला रोज रात्री सोनामुखी मागायचं. त्यात गोळीचा प्रश्न नव्हता. पण त्यानं पोटाला सवय लागते, हे मी सांगायच्या आधीच त्यांना ठाऊक असायचं. माझ्या लांबलचक, चुकांनी भरलेल्या मराठी मेसेजला त्यांचं उत्तर एकच असे: बरं.

गेल्या वर्षी असाच एक फोटो आला. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. गोळी रक्त पातळ ठेवणारी होती. मी लिहिलं, कच्चा लसूण, आल्याचा काढा नको. पडलं, लागलं तर लगेच दवाखाना. उत्तर आलं, बरं. कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

मागच्या रविवारी मी दुकानात गेले. आता सकाळचे दोन तास मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, दुकान उघडते. बोलता बोलता ती म्हणाली, "जिनगानीभर सकाऊन दोन पाकळ्या लसून खात होते. मांगच्या साली एकाएकी बंद केला. म्या म्हनलं काऊन, तं म्हने पोरीनं नाई म्हनलं." हृदयाचं दुखणं त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. गोळ्या कसल्या, तर म्हणे ताकदीच्या.

मी गल्ल्याखालचा खण ओढला. आत रिकामी पाकिटं होती. प्रत्येकाला रबरानं एक चिठ्ठी लावलेली, तिच्यावर त्यांच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात नाव, गाव आणि काय द्यायचं नाही ते. शाळकरी मुलानं वहीत उतरवून घ्यावं तसं. गेल्या वर्षीच्या फोटोतलं ते पाकीट शोधायला मला वेळ लागला नाही. चिठ्ठीवर नाव, गाव नव्हतं. 'मी. लसूण नको, आलं नको.'

सगळ्यांना विचारायला त्यांनी मला शिकवलं, आणि मी त्यांना एकदा विचारलं नाही... विचारलं असतं तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. ते औषध बरोबर घेत होते. कदाचित एवढंच झालं असतं की कोणाला तरी ते माहीत असतं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले आणि हृदयासाठी अर्जुनसाल मागू लागले. मोठी आई बरणीकडे वळली. मी खण उघडाच ठेवून उठले. "आजोबा, डॉक्टरची गोळी कोणती चालू आहे?" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

माझं वाक्य संपायच्या आतच त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि आतलं रिकामं पाकीट माझ्यापुढे धरलं.