खोली लावायची परीक्षा

“झाडू मारायची परीक्षा! ऐकलंय का कधी कुणी?”

“झाडू नाही गं आई. हॉटेलातली खोली लावायची.”

“म्हणजे झाडूच. पंधरा वर्षं माझ्याबरोबर लोकांची घरं झाडलीस, अजून काय शिकायचं राहिलंय?”

लेकीने चादर पुन्हा झटकली. घरातली एकुलती एक खाट तीन महिने तिच्या सरावाची झाली होती. कोपरा उचल, दुमड, गादीखाली खोच.

“रात्री मढ्यासारखी सरळ झोपते मी, तुझ्या चादरीला सुरकुती पडू नये म्हणून,” आई पुटपुटली. ती भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होती. परक्यांच्या फरशा पुसून त्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. आपलेही असेच होणार, हे लेकीला रोज समोर दिसत होतं. प्रशिक्षण केंद्रातून पास झालं की नव्या हॉटेलात कायमची नोकरी. ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणात औषधपाणी. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. आज दुसरी खेप. तिसरी कुणालाच मिळत नसे.

“डॉक्टरीणबाईंचा निरोप आलाय. आज कामाला गेली नाहीस तर दुसरी बाई बघतील.”

“बघू देत.”

“बघू देत म्हणे! आणि आजही नापास झालीस तर? हातचं काम गेलं, हॉटेलही गेलं. मग बसू दोघी एकमेकींची तोंडं बघत.”

“नाही व्हायची.”

“मागेही हेच म्हणालीस. काय चुकलं होतं ते तरी सांग. विचारलं की मूग गिळून बसतेस.”

लेकीने उशी थोपटली. “कागद फेकला.”

“कसला कागद?”

“परीक्षेच्या खोलीत पाहुण्याच्या टेबलावर चुरगळलेला कागद ठेवला होता. मी उचलला नि टाकला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, केराच्या डब्यात नाही तो केर नाही. पाहुण्याची वस्तू आहे ती.”

“अगं, पण चुरगळलेला होता ना? चुरगळलेलं दिसलं की उचलायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून तुला मी…”

आईचा हात गुडघ्यावरच थांबला. या एका सवयीपायी दहा घरांनी तिची वाखाणणी केली होती. लेकीला हाताशी धरलं तेव्हा आधी हेच शिकवलं होतं.

“म्हणजे माझ्या शिकवण्यानं नापास झालीस तू?”

लेकीने केस घट्ट बांधले, ओळखपत्र गळ्यात घातलं, चपला सरकवल्या.

“बोल ना. माझ्यामुळे?”

लेक दाराबाहेर पडली. मग दार हलकेच ओढून घेऊन जिना उतरू लागली.