बँजो म्यूट करा

"बँजो म्यूट करा," पुण्याहून आलेले साहेब म्हणाले.

मी बटण दाबलं. म्यूट म्हणजे त्या वाद्याचा आवाज बंद. पण स्पीकरमधून बँजो येतच होता, जरा लांबून, शेजारच्या खोलीत कुणी वाजवत असल्यासारखा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणावरचा पेटलेला दिवा बोटानं दाखवला.

बीडमध्ये माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, प्रचाराची गाणी, जाहिराती, येईल ते रेकॉर्ड करतो. 'खारं पाणी' हा बँड इथंच उभा राहिला. नाव आमच्या बोअरच्या पाण्यावरून पडलं. इम्रान गॅरेजवाल्याचा मुलगा, लग्नातल्या बँजो पार्टीत वाजवायचा. बाळू नांदूरघाटचा, घरी मेंढरं, तो ड्रमवर. कविता बेस गिटारवर. गाणारं कुणीच नाही.

इम्रानच्या बँजो पार्टीत एक रिवाज होता. नवरदेवापुढं एक जण जरी नाचत असला तरी हात थांबवायचा नाही. त्यामुळं इम्रानचं मनगट शिलाई मशीनसारखं चालायचं. तिकडं परदेशात समुद्रकाठच्या पोरांनी गिटारवर असंच भराभर वाजवायची एक तऱ्हा काढली, तिला सर्फ म्हणतात. तिला रिव्हर्ब लागतो, म्हणजे आवाज स्प्रिंगमधून फिरवून ओला केल्यासारखा करायचा. मी इम्रानचा बँजो तसल्या स्प्रिंगमधून सोडला आणि तिघं एकमेकांकडं बघून हसायलाच लागली. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. त्यावाचून काही अडलं नाही.

पुण्याच्या एका कॉलेजात यांना थोडाच वेळ मिळाला होता. पुढं एक मुलगी नाचत राहिली, म्हणून इम्रान थांबेना. दुसऱ्या बँडची वेळ यांनी खाल्ली. शेवटी आयोजकांनी लाइट घालवली. त्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. मग तलवाड्यापासून मुंबईपर्यंत बोलावणी आली आणि त्यामागून गाण्यांच्या कंपनीचे हे साहेब आले.

"बँजो वरातीत ठीक आहे," ते म्हणाले. "आपण तिथं गिटार भरू. वर एक गायक घेऊ."

"आन् मी?" इम्राननं विचारलं.

"तू गिटार शीक. येईल हळूहळू."

"मला येतंय ते मी वाजवतो. ते नको आसंल तर मलाच काढा."

बाळू त्याच्यावर उखडला. "कावून अडून बसतूस बे? एकदा नाव होऊ दे, मग वाजव की तुझा बँजो."

"नाव कुणाचं?"

 बाळूला मेंढरांमागं परत जायचं नव्हतं, हे मला कळत होतं. कवितानं बेसची वायर काढली आणि गुंडाळायला लागली. "मी इम्रानबरोबर हाय," एवढंच म्हणाली.

साहेब माझ्याकडं वळले. "बँजो पूर्ण काढून फाईल द्या."

"निघणार नाही."

कारण साधं होतं. मोठ्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांना वेगवेगळं बसवतात. इम्रान मात्र वरातीच्या टेम्पोवरच्या सवयीनं ड्रमला खेटून बसायचा. बाळूचा हात दिसला नाही तर त्याला तालच सापडायचा नाही. म्हणून त्याचा बँजो ड्रमच्या माइकमध्ये शिरला होता. आमच्याकडं याला ब्लीड म्हणतात. बँजो काढायचा तर ड्रमही फेकायचा.

"मग परत रेकॉर्ड करा. तुम्ही टेक्निशियन आहात, मालक नाही."

"स्टुडिओचा मालक मीच आहे. तुम्ही दुसरीकडं करा."

मला भयंकर राग आला होता. अजूनही आहे.

साहेब बाळूला घेऊन गेले आणि त्या दुपारी बँड मोडला. पुण्यात बाळूनं सगळं नव्यानं वाजवलं. ते गाणं बऱ्यापैकी चाललंही. इम्रान पुन्हा वरातीत वाजवू लागला, आता टेम्पोवर शेजारी कविता असते. आमचं रेकॉर्डिंग नेटवर टाकायला तिघांचा होकार हवा होता. दोघांनी लगेच दिला. बाळूला विचारायचं मी टाळत होतो. एक दिवस त्याचाच फोन आला.

"काका, ते आपलं हाय तसं लावून टाका."

"तुझे साहेब काय म्हणतील?"

"म्हणू द्या. त्यात मी ड्रम लई चांगला वाजवलाय."

लावून टाकलं.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पोरांना एका खोलीत खेटून बसवा. शिकवणारे याला चूक म्हणतात, म्हणू देत. एकाला काढायला आलेल्याला मग सगळ्यांनाच काढावं लागतं.