तीन मजले, एका दमात

आमचं घर जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बाजारातून येताना माझी बायको प्रत्येक मजल्यावर थांबायची. कधी पहिल्या मजल्यावरच्या काकूंशी लोणच्याबद्दल बोलायची, कधी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंशी मुलांच्या परीक्षेबद्दल. मी वरून ओरडायचो, "झाल्या का गप्पा? भाजी सुकली की!" ती हसून घ्यायची. गप्पांच्या नावाखाली ती दम खात होती, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. आज लिहितानाही मान खाली जाते.

एके दिवशी ती जिन्यातच बसली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणीच्या तापानं हृदयाची एक झडप आकसली आहे, बदलावी लागेल, उशीर नको. मी मान डोलावली आणि घरी येऊन म्हणालो, "आधी सिद्धरामेश्वराचे अकरा सोमवार करू, मग बघू." नातेवाइकांना ती श्रद्धा वाटली. खरं तर ऑपरेशनच्या कागदावर सही करायची मला हिंमत नव्हती. माझा भित्रेपणा मी देवाच्या आड लपवला.

सहाव्या सोमवारी देवळाकडे जाताना ती तळ्याकाठच्या कट्ट्यावर धापा टाकत टेकली. शेजारी बेलाची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं हिच्याकडे नीट पाहिलं आणि पदर जरा सरकवून गळ्याखालचा व्रण दाखवला.

"मलाबी असंच व्हायचं गं. लेक शाळंत व्हती तवा झडप बदलली. आता नात शाळंत जाती."

मी म्हणालो, "आमचंही ठरलंय आजी, पण अजून पाच सोमवार राहिलेत."

म्हातारी हसली. "सोमवार काय, दर आठवड्याला येतोच की! देव कुटं पळून चाललाय व्हय? हिला आदी घेऊन जा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला आधीच कळलं होतं, कोण घाबरलंय ते. मी तिथूनच कळसाला हात जोडले, "आता तूच बघ" म्हणालो, आणि रिक्षा थांबवून थेट दवाखान्याकडे घ्यायला सांगितली. तिथं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

त्या ऑपरेशनला आता नऊ वर्षं झाली. रोज ठरल्या वेळी रक्त पातळ ठेवायची गोळी, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी, पालेभाजी बेतानं. एवढं सांभाळून ती सगळं करते. रात्री पाठ टेकली की धाप लागत नाही, शांत झोपते. लेकीच्या लग्नात तर ती अशी मिरवली, की मीच खुर्ची शोधत होतो. उरलेले पाच सोमवारही आम्ही नंतर केले. म्हातारी पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, याचा शोध मी घेत बसत नाही. मनातल्या मनात तिच्या टोपलीतला बेल रोज देवाला वाहतो.

परवा बाजारातून आलो. ती पिशवी घेऊन सरळ वर गेली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रारच केली, "वहिनी हल्ली थांबतच नाहीत की हो!" मी कठड्याला धरून उभा होतो, गुडघे कुरकुरत होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, झाल्या का गप्पा? भाजी सुकली की!"

डोळे भरून आले आणि हसूही आलं. देवाचं नाव घेतलं आणि तिच्या मागून सावकाश चढू लागलो.