फोटोंच्या पुढची भिंत

प्रागजवळच्या ज्या क्रीडागृहात मी साफसफाई करते, तिथे फुटबॉल-टेनिस खेळतात. बुटक्या जाळीवरून चेंडू पायाने नाहीतर डोक्याने पलीकडे घालवायचा. आज भिंतीवरचे जगज्जेत्यांचे फोटो पुसताना पहिल्यांदाच नीट पाहिले. आधी नुसते पुरुष. बऱ्याच पुढे बायका, त्यांत आमच्या प्रशिक्षक हानाबाई, केस काळे असतानाच्या. त्याच्याही पुढे मुलं-मुली.

माझी मुक्ता बारा वर्षांची, नुकतीच गावाहून आलीय. तिला खेळायचंय. पण विचारायला जीभ रेटत नव्हती. सातवीत सुटलेल्या शाळेत मी दोन वर्षांनी परत गेले, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "आता कुठे गं? वय गेलं."

आज विचारलंच. "उशीर झाला का तिला?"

हानाबाई हसल्या. "अगं, आम्हा बायकांची विश्वस्पर्धाच पुरुषांच्या मागून आली. पोरांची आणखी मागून. उद्या पाठव. बूट आहेत?"

"चपला आहेत."

"मग बूट मी बघते."

देव त्यांचं भलं करो. शेवटच्या फोटोपुढची भिंत मोकळी होती. तीही मी पुसून घेतली.