सज्जन घोडा आणि आंतोनकाकांचा ट्रम्पेट

आमच्या घोड्याला मयतीची धून आवडायची. दुसरं काहीच आवडत नसे. मी तर मुळीच नाही.

घोड्याचं नाव सज्जन. नाव ठेवणाऱ्याने घोडा पाहिलेला नसावा! शर्यतीतून काढून टाकलेलं हे वादळ आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टाने पापडी गावातल्या आमच्या वाडीत आणलं. त्यांनी टीव्हीवर ड्रेसाज पाहिलं होतं. घोडा संगीतावर मोजून पावलं टाकतो, आडवा सरकतो, जागच्या जागी नाचतो आणि वर बसलेला माणूस पापणीसुद्धा हलवत नाही.

"एकदा हे आपल्या वाडीत बघायचंय," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते तोवर सांगून झालं होतं. नाही कोण म्हणणार?

"त्यात काय! शिकवतो की!" मी म्हणालो. (मी जन्मात फक्त स्कूटर चालवली होती. तीही बहुतेक वेळा आडवी.)

पहिल्या दिवशी सज्जनने मला केळीत टाकलं, दुसऱ्या दिवशी शेणखड्ड्यात. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे, शेजारच्या आंतोनकाकांच्या पानवेलीत असं भिरकावलं, की खाली येईपर्यंत पलीकडच्या उमेळे गावातल्या सगळ्या नव्या बिल्डिंगांच्या गच्च्या माझ्या पाहून झाल्या!

मी वेलीत अडकलेला असतानाच काकांनी ट्रम्पेट तोंडाला लावला. ते बँडवाले, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी एका मयतीला वाजवायचं होतं. संथ, रडवी धून सुरू झाली. आणि सज्जनने मान वाकवली, पाऊल उचललं, हवेत क्षणभर धरलं आणि लोण्यावर ठेवावं तसं ठेवलं!

"काका, थांबू नका!"

"अरे बाबा, ही मयतीची धून हाय. लग्नाची वाजवू?"

लग्नाची वाजवली. सज्जनने गोठ्याचं दार तोडलं.

"मग मयतीचीच वाजवा."

"येडा झाला काय? तुझा बाप आजारी, आनि त्याच्या दारात मी हे वाजवू?"

खिडकीतून आबांचा आवाज आला, "आंतोन, मी ऐकायला आहे तोवरच त्यात मजा आहे रे. वाजव!"

मग रोज संध्याकाळी मी सज्जनवर चढायचो आणि कुठे ना कुठे पडायचो, आबा चिकूखाली खुर्ची टाकून बसायचे, काका डोळे मिटून वाजवायचे, आई पदर तोंडाला लावून आत जायची. एकदा एव्हरशाईन सिटीतून आत्या मोसंबी घेऊन आली. फाटकातच धून ऐकली आणि तिने पिशवी टाकली.

"दादा रे! मला न भेटताच गेलास रे!"

त्या किंकाळीने सज्जन उधळला आणि मी शेणखड्ड्यात परत!

"अगं, अजून इथेच आहे मी! चहा घे," आबा म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत मला म्हणाले, "पुन्हा दाखव रे."

हळूहळू सगळ्या आळीला त्या धुनेची सवय झाली.

एका सकाळी आबा खरंच गेले. ही धून त्यांच्यासाठीही वाजवीन, असा काकांनी त्यांना शब्द दिला होता, त्याप्रमाणे त्यांनी अंगणात उभं राहून ट्रम्पेट लावला. सूर कापत होता. धून संपली. पुन्हा वाजवली. कोणीच आलं नाही! आई आपली फाटकाकडे बघतेय. शेवटी मी रस्त्यावर धावलो. समोरचे गुरुजी दारात दात घासत होते.

"काय रे, आज सकाळीच प्रॅक्टिस?"

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा हात थांबला. त्यांनी ब्रश कठड्यावर ठेवला आणि तसेच, अनवाणी, माझ्या मागे आले. मग त्यांनीच घरोघरी सांगितलं.

तिरडी निघाली. मी मडकं घेऊन पुढे, काकांची धून मागे, आणि तिच्या मागे दावं तोडून आलेला सज्जन. प्रत्येक पाऊल मोजून, मान वाकवून. वळणावर तर असा आडवा सरकला, की खांदेकरीसुद्धा बघत राहिले.

आत्या हुंदका देत म्हणाली, "किती छान शिकवलंस रे त्याला! दादाला हेच बघायचं होतं."

पाठीवर मी नव्हतो म्हणून तो इतका छान चालत होता, हे सांगायची ती वेळ नव्हती. आणि आबांना रोज संध्याकाळी खरं काय बघायचं असायचं, तेही मला चांगलं माहीत होतं. फाटकातून निघतानाच मला ठेच लागली होती. मडकं कसंबसं सांभाळत मी गुडघ्यांवर आलो, आणि सवयीने चिकूखालच्या खुर्चीकडे पाहिलं.

आयुष्यातलं माझं सर्वोत्तम पडणं, आणि हसायला कोणी नाही!